आत्येचं गाऱ्हाणं

जत्रेच्या आदल्या दिवशी आत्येने बाबांकडे मागणं केलं. "देवाक गाऱ्हाणा घाल, माका आता घेवन जा म्हणान." बाबा काही न बोलता उठून पडवीत जाऊन बसले. आमच्या वेंगुर्ल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे बरं कर, राखण कर, आणि मग सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. ह्याला व्हय म्हाराजा कोण म्हणणार?

आत्येला संधिवात, 22 वर्षं. बोटं वळून गेलीत, वर मणके खचले, चार वर्षं अंथरुणात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड आणला, तो करंटवर चालतो आणि पावसात आमची लाईट गेली की कधी येईल देवालाच ठाऊक, मग तो हळूहळू बसत जातो आणि आई नि मी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवतो, बॅटरी तोंडात धरून.

आता येणारा जाणारा सांगतो, "अगो इच्छामरणाचा कायदा झालाय ना!" कायदा नाही, कोर्टाचे निकाल झालेत, पण कोणासाठी ते बघा. वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत पडून राहिलेल्या मुंबईच्या नर्स अरुणा शानबागच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2011 ला उपचार थांबवायची वाट थोडी उघडली, 2018 ला सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम 21 मधला हक्क ठरला, लिव्हिंग विल आलं, म्हणजे पुढे आपल्यावर कुठले उपचार करू नयेत ते शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. 2023 ला ते सोपं केलं, आधी मॅजिस्ट्रेट लागायचा, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. शेजारी गोव्यात हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 ला स्वतःचंच नोंदवलं, मला ते फार आवडलं होतं.

पण हे सगळं व्हेंटिलेटर लावू नका, नळ्या काढा एवढ्यापुरतं. आत्येला नळीच नाही तर काढणार काय? ती पेज खाते, लोणचं दिलं नाही म्हणून भांडते. तिला कोणी मरणाचं इंजेक्शन दिलं तर तो मनुष्यवधाचा गुन्हा, आणि मी गोळ्या आणून दिल्या तर आत्महत्येला मदत, न्याय संहितेचं कलम 108, 10 वर्षांपर्यंत आत.

कॅनडात 2021 पासून मरण जवळ आलेलं नसलं तरी असह्य आजारात अशी मदत मागता येते. मी पण म्हणायचे, आपल्याकडे पण हवं. मग एका रात्री तिला विचारलं, खूप दुखतं का गं? म्हणाली, "दुखता ता दुखता, पण मी जड झालंय गो तुमका. तुझ्या आवशीची कंबर गेली." त्या दिवसापासून माझी गाडी अडकलीय. उद्या कायदा आला तर ती स्वतःसाठी नाही, आईच्या कंबरेसाठी अंगठा देईल आणि आम्ही त्याला तिची इच्छा म्हणणार!

आणि दुखणं तरी कुठे थांबवलंय आपण? पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, अफूपासूनचं जबर वेदनाशामक, 2014 ला त्याचे नियम सैल केलेत म्हणे, मी चिठ्ठी घेऊन चार मेडिकल फिरले तर एकाने गांजा मागायला आल्यासारखं बघितलं. केरळात पंचायतीतर्फे पॅलिएटिव्ह नर्स, म्हणजे बरं न होणाऱ्यांचं दुखणं हलकं करणारी, घरी येते. इथे आधी ती येऊ दे, रात्रीची एक बाई मिळू दे, मग मला इंजेक्शनच्या कायद्याबद्दल विचारा. हे आत्येच्या तोंडावर मात्र मला बोलता येत नाही, तिचे दिवस काय ती नर्स यायची वाट बघत थांबणारेत का.

एक गोष्ट डोक्यात जाते. विनोबा आपल्या पेणजवळच्या गागोद्याचे, 1982 ला पवनारला अन्न-औषध सोडून गेले, आजोबा केवढ्या भक्तीने सांगायचे. तेच आत्ये बोलली की "असं अभद्र बोलू नये".

लिव्हिंग विलचा कागद प्रिंट काढून कपाटात ठेवलाय, निदान पुढे नळ्या तरी नकोत म्हणून. बाबा साक्षीदार व्हायला तयार नाहीत.

जत्रेहून ते पहाटे आले. आत्ये जागीच होती. "घातलंस गाऱ्हाणा?"

"घातलंय," म्हणाले. काय घातलं ते तिनेही विचारलं नाही.