फी माफ झाली, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर

व्हीलचेअरवरच्या लेकराला बारावीनंतर कुठं घालावं, असं कुणी विचारलं की लोक लगेच सवलती सांगतात. त्या हक्काच्याच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगत्वाला सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट दिली आहे. पण माझं मत विचाराल तर प्राचार्यांना भेटायच्या आधी कॉलेजचा संडास बघून या.

कारण साधं आहे. मणक्याला मार बसलेल्या कित्येकांना दर ४ ते ६ तासांनी कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, लघवी काढावी लागते. गावाहून सकाळी ७ ला निघालेलं पोर संध्याकाळी ५ ला घरी पोचतं. मधे सोय नसली की ते पाणी पिणंच सोडतं. त्यात उन्हाळी परीक्षा आणि आपल्याकडचं ४२ अंशांचं ऊन. मग लघवीला जंतुसंसर्ग, थंडीताप आणि बुडालेला पेपर.

टेप घेऊनच जा. संडासाचं दार ९० सेंटिमीटर मोकळं हवं आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही. खुर्ची वळवायला आत दीड मीटर जागा, कमोडशेजारी धरायला दांडा. आणि किल्ली कुणाकडं असते ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ‘दिव्यांगांसाठी’ पाटीच्या आत मोडकी बाकं आणि फिनेलचे कॅन भरलेले असतात.

पायऱ्यांऐवजीच्या उताराचं, म्हणजे रॅम्पचं, माप १ ला १२. म्हणजे ओटा २ फूट उंच असेल तर उतार २४ फूट लांब पाहिजे. कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून ८ फुटांत उरकलेला उतार फोटोपुरता. त्यावर मागून दोघांनी ढकलल्याशिवाय चढता येत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर जातो. वर गुळगुळीत फरशी असली तर पहिल्याच पावसात बघायला नको.

लिफ्ट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाईट गेली की लिफ्ट गेली. त्यापेक्षा वर्गच तळमजल्यावर घ्या म्हणावं, याला एक रुपया लागत नाही. मात्र अर्ज वेळापत्रक लागायच्या आधी द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी ‘बघू’ला पुढं काही किंमत नसते. विज्ञान घेणार असाल तर प्रयोगशाळेतलं एक टेबल साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचं, खाली गुडघे जातील असं मागा. उभ्यानं काम करायचा ओटा बसणाऱ्याच्या छातीला लागतो.

परीक्षेचं तर वेगळंच. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. अंधत्व असेल, दोन्ही हात बाधित असतील किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) असेल तर लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहिणारा, मागितला की मिळायला हवा. इतरांनी, लिहिता येत नाही असं जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. स्वतःचा लेखनिक नेणार असाल तर तो एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, असं २०१८ च्या सूचनांत होतं. इथंच घोटाळा होतो. हुशार म्हणून त्याच वर्गातला चुलतभाऊ नेतात आणि केंद्रावरून परत येतात. दुसरी चूक म्हणजे सरावच न करणं. समीकरण, आकृती, समास सांगून लिहवून घेणं ही कला आहे. मागच्या ४–५ प्रश्नपत्रिका त्याच लेखनिकासोबत पूर्ण वेळ लावून सोडवा.

मणक्याची इजा असेल तर चार तास एका जागी बसणं धोक्याचं, कुल्ल्यांवर जखम होते आणि भरायला महिने लागतात. दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलून दाब काढायचा असतो. हे पर्यवेक्षकांना लेखी कळवून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं पोरगं मागं बघतंय.

मुक्त विद्यापीठाला माझा विरोध नाही. विद्यार्थ्यानं स्वतः निवडलं तर उत्तम. पण जिना दाखवून ‘तुम्ही बाहेरून करा ना’ म्हणणाऱ्या कॉलेजला तो निवाडा करायचा अधिकार नाही. नीटच्या क्लासांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या लातूर-नांदेडकडच्या पोरांनी एक ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलंय की नुसत्या दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून एमबीबीएसला अपात्र ठरवता येत नाही, तो उमेदवार अभ्यासक्रम करू शकतो का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळानं बघायचं. नकार मिळाला तर तो लेखी, कारणांसह मागा. पुण्यात बसणाऱ्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करताना तोच कागद आणि आवक क्रमांकाची प्रत लागते.