ताठ कण्याचं मशीन

आमच्या घरात डायल गेज, म्हणजे केसाएवढी हालचालही काट्याने दाखवणारं मापयंत्र, आला आणि घरातली एकही वस्तू ताठ उरली नाही. तोवर डायनिंग टेबल ताठ होतं, जिन्याचा कठडा ताठ होता, गॅलरीचं ग्रिल तर बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेलं. मॅग्नेटिक स्टँड ग्रिलला चिकटवला, गेजचं टोक भिंतीला टेकवलं आणि ग्रिल अंगठ्याने जरासं दाबलं, तर काटा चार घरं सरकला. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. मग मी घरभर दाबत सुटलो. आईने विचारलं, "काय शोधतोयस?" म्हटलं, "न वाकणारी वस्तू." ती म्हणाली, "मग वडिलांना दाबून बघ."

मला घरच्या गॅरेजमध्ये सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कटर फिरवून कापणारं मशीन, बनवायचा होता. लाकूड कापणारा नव्हे, धातू कापणारा. लाकडाचा राउटर निगडीपासून नाशिकपर्यंत कोणीही बनवतो. लाकूड समजूतदार असतं, मशीन जरा हललं तरी सांभाळून घेतं. ॲल्युमिनियम सांभाळून घेत नाही. एका दाताचं कार्बाइडचं कटर मिनिटाला १८,००० फेरे मारत असेल, तर दर फेऱ्यात त्याने साधारण ०.०५ मिलिमीटर धातू खायचा असतो. म्हणजे गेजची पाच घरं. मशीनच तेवढं मागे झुकलं तर कटर कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की तापतं, तापलं की ॲल्युमिनियम कटरला चिकटतं आणि मग दीड हजाराच्या कटरच्या जागी चांदीचा लॉलीपॉप उरतो.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे सगळं मशीन आधी स्क्रीनवर उभं केलं. स्क्रीनवर ते देखणं होतं. भार दिला की वाकणारा भाग लाल व्हायचा, न वाकणारा निळा. बाबांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "रंग छान आहेत. आखूड कर."

"बाबा, दोन खांबांमध्ये बाराशे मिलिमीटर हवेत मला. मोठे पार्ट..."

"कसले मोठे पार्ट?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुळईची लांबी निम्मी केली की तिचं वाकणं आठपट कमी होतं, हे मीही शिकलो होतो. कॉलेजात त्या सूत्राला मार्क होते, बाबांकडे ते दोन शब्दांत होतं. बाबा चहा घेऊन गॅरेजमध्ये आले की मशीन शंभर मिलिमीटरने आखूड व्हायचं. सहाशेवर मी चहा सोडला.

लोखंड घ्यायला पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या एका विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला माझं दुखणं कळलं. "साहेब, साधा पाइप काय घेता? ही ईएन-चोवीसची पट्टी घ्या. एकदम कडक माल." मी त्याला समजावलं, की मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा. साधं माइल्ड स्टील घ्या नाहीतर महागातलं अलॉय स्टील, तेवढ्याच भाराला दोन्ही जवळजवळ सारखीच वाकतात, दोन्हींचा ताठपणाचा आकडा २०० गिगापास्कलच्या आसपास. कडक पोलाद तुटायला उशीर लावतं, वाकायला लावत नाही. फरक पडतो तो आकाराने. पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट वाढतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे साहेब, तुम्हाला जाड पाहिजे. जाडाचा भाव वेगळा."

जाड चौकोनी पाइप आले, भोसरीच्या एका गाळ्यात वेल्डिंगला गेले. टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारले तेव्हा फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पूर्ण वेल्ड झाल्यावर ती गुण्यात नव्हती. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ज्याला धरलेलं असेल त्याला घेऊन आकसतो. एक पाय हवेत. बाबांनी खाली पट्टी सारून पाहिली. "अर्धा सूत." इंचाचे आठ सूत, त्यातला अर्धा, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडं जास्तच. माझी सगळी लढाई शंभरांश मिलिमीटरसाठी होती. वेल्डर निर्विकारपणे म्हणाला, "दोन घण घालू का?" घण घातले नाहीत. फ्रेम हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेली, ६०० अंशांच्या आसपास भाजून भट्टीतच हळूहळू थंड केली, म्हणजे आतले ताण निवळतात आणि फ्रेम पुढे कधी रात्रीबेरात्री मनात येईल तशी वळत नाही. पाय हवेतच राहिला. पण आता कायमचा राहिला, हे महत्त्वाचं. त्याखाली पॅकिंग घालता आलं.

खरा वाद पुढे होता. बाबांच्या मते मशीन म्हणजे बीड, ओतीव लोखंड. "कोल्हापूरला जा, पॅटर्न कर, बीड ओतून आण." बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात, त्या थरथर पिऊन टाकतात. पोकळ स्टीलचा पाइप मात्र घंटेसारखा वाजतो. बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, फक्त एका मशीनसाठी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणं मला परवडणारं नव्हतं. मी मध्यममार्ग काढला: पाइपच्या पोटात इपॉक्सी ग्रॅनाइट भरायचं. स्वित्झर्लंडच्या स्टुडर कंपनीने १९७० च्या दशकात ग्राइंडिंग मशीनचे बेडच या मिश्रणात ओतायला सुरुवात केली. वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास इपॉक्सी, बाकी लहानमोठा दगड असा दाबून बसवलेला, की मध्ये हवा राहू नये. नाव ग्रॅनाइट, पण आमच्याकडचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा बसाल्ट. खडीवाल्याने "स्लॅब कधी?" असं विचारलं, मी "लवकरच" म्हटलं.

खडी धुऊन वाळवायला लागते, धुळीवर इपॉक्सी चिकटत नाही. महिना एप्रिलचा. गच्चीवर आईच्या कुरडया आणि माझी खडी शेजारी शेजारी वाळत होती. मध्ये एक चादर, सीमारेषा म्हणून. संध्याकाळी वारा सुटला आणि सीमारेषा उडाली. त्या वर्षीच्या कुरडया पाहुण्यांना दिल्या नाहीत एवढंच सांगतो. बायकोचं म्हणणं, घरच्यांनी तरी का खायच्या?

मग मशीनचे भाग ज्यांवर सरकतात त्या रेल बसवायच्या जागा सपाट करायच्या. बाबा ब्लू (उंचवटे दाखवणारा रंग) आणि स्क्रेपर (ते खरवडायचं हत्यार) घेऊन तयार होते, पण स्टील बिडासारखं स्क्रेप होत नाही, हे त्यांनाच जास्त माहीत. मी पातळ, सावकाश जमणारं इपॉक्सी ओतलं. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बांध घालायचा, दोन्ही बांध एका पाटाने जोडायचे आणि ओतायचं. पाणी जसं आपोआप समपातळीत येतं तसंच हेही येतं. "गोंदाने मशीन बनवतोय," बाबा शेजारच्या काकांना सांगत होते. मी म्हटलं, "बाबा, हा पृष्ठभाग इतका सपाट आहे, की यात दोष असलाच तर पृथ्वी गोल असल्याचा." मी हिशेबही केला होता: एक मीटरच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईचा फुगवटा मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाएवढा येतो. बाबा म्हणाले, "कडेला चढलंय ते कोणाच्या गोलाईने?" इपॉक्सी बांधाला धरून कडेने वर चढतं, ते मागाहून घासून काढावं लागतं. ते बाबांना न वाचता माहीत होतं.

दोन दिवस गॅरेजमध्ये दार आपटायचं नाही, स्कूटर सुरू करायची नाही, असं फर्मान काढलं. पाळलं सगळ्यांनी. फक्त एक डास त्यात उतरला. तो अजून आहे, डाव्या रेलच्या शेजारी, बरोबर लेव्हलमध्ये.

मोटर, बॉल स्क्रू, वायरिंग यांबद्दल फार सांगत नाही. ते पैसे दिले की येतं. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा डबा, चालू केला की त्याच्या विजेच्या गोंगाटाने लिमिट स्विच, मशीन टोकाला पोचल्याचं सांगणारे, नसलेल्या धडका नोंदवायचे. शील्डच्या केबल टाकल्या, अर्थिंग नीट केलं, थांबलं.

पहिला कट मात्र सांगायलाच हवा. कटर ॲल्युमिनियमला टेकलं आणि असं किंचाळलं, की शेजारचे काका लुंगीवर धावत आले. याला चॅटर म्हणतात. एका फेऱ्यात कटर थरथरलं की जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लाट उठते, पुढच्या फेऱ्यात तेच कटर त्या लाटेवरून जातं आणि आणखी थरथरतं. बाबा आले, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलवर तळहात ठेवला. मग दिसेल तिथे हात लावत खाली गेले आणि म्हणाले, "कटर फार बाहेर काढलंयस. आखूड कर." कटर दहा मिलिमीटर आत घेतलं. किंचाळणं थांबलं, आणि वितळून चिकटण्याऐवजी चमचमत्या चिप्स उडायला लागल्या, एकसारख्या. एक बाबांच्या चहात पडली. त्यांनी ती बोटाने काढली, मायक्रोमीटरने मोजली आणि काही बोलले नाहीत. बाबांचं काही न बोलणं म्हणजे आमच्या घरात आयएसओ प्रमाणपत्र.

दिवाळी आली. आईच्या सोऱ्याची चकलीची चकती हरवली होती. आई म्हणाली, "एवढं साडेतीनशे किलोचं धूड बसवलंय दारात, एक चकती होईल का त्याच्यातून?" मी तिला आधीच सांगितलं: कटर गोल फिरतं, त्यामुळे आतले कोपरे टोकदार निघत नाहीत. दोन मिलिमीटरचं कटर म्हणजे कोपऱ्याला एक मिलिमीटरची गोलाई, मशीन माझं असो की कोट्यवधींचं. आईने "बरं बरं" म्हटलं, म्हणजे ऐकलं नाही.

पितळेची चकती कापली. माप मायक्रोमीटरला बघण्यासारखं आलं होतं. सोऱ्यातून चकली पडली, वळली, आईने ताटली उजेडात धरली.

"काटे कुठायत?"

"आई, मी म्हटलं होतं, रेडियस..."

"ही कडबोळी झाली."

बाबांनी खणातून तिकोनी कानस काढली, चकती व्हाइसमध्ये धरली आणि रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत चांदणीची सगळी टोकं काढून दिली. चकलीला काटे आले. आईने गल्लीत सांगितलं, "ह्यांनी करून दिली."

आता शेजारच्या काकूंना शेवेची चकती हवी आहे. शेवेची भोकं गोल असतात, त्यामुळे मी खुशीत आहे. प्रोग्रॅम लिहून तयार आहे. बाबा म्हणतात, त्याला ड्रिल पुरतं.