'वही तपासायचा कंटाळा' या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

प्लिकर्स या अ‍ॅपच्या कार्डांनी वर्गात चाचणी घेण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत, ते तीनदा वाचलं. आधी चूक कबूल करतो. काहूट हे प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप अमेरिकेचं असं मी लिहिलं होतं, ते नॉर्वेचं आहे. दुरुस्त केलं, आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'वही तपासायचा कंटाळा आला की मास्तरांना अ‍ॅप सुचतात.' पटलं नाही तर तसं म्हणा, ऐकून घेईन. पण 'कंटाळा'? आणि 'मास्तरांना', म्हणजे सगळ्या जमातीलाच? आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात असं खाली लिहिलंय, म्हणून जास्त लागलं. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं.

2004 साली मी नोकरीला लागलो तेव्हा शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार. वह्यांची पिशवी सायकलच्या हँडलला, पावसाळ्यात वरून खताच्या गोणीचं प्लॅस्टिक. एसटीत उभ्यानं वह्या तपासल्यात मी. 2010 नंतर आकारिक मूल्यमापन आलं, म्हणजे वर्षभर मुलाची प्रगती पाहत राहायची, आणि प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. त्यांच्या तयार पीडीएफ गावोगाव फिरायच्या; 'स्वतःहून प्रश्न विचारतो' ही नोंद वर्षभर तोंड न उघडणाऱ्या पोरालाही लागायची. मी त्या उतरवल्या नाहीत. (एका वर्षी निवडणुकीच्या कामाला जुंपलं होतं, तेव्हा थोड्या उतरवल्या. लपवत नाही.) त्यामुळे कंटाळ्याचं प्रमाणपत्र मला निदान तुमच्याकडून नको.

मुळात वहीवरचा लाल शेरा मुलापर्यंत पोचतो कधी? पाचवीला दशांश अपूर्णांक होते. 0.5 मोठा की 0.35? वहीत सगळ्यांचं बरोबर, कारण पहिल्या बाकावरून उत्तर मागे सरकत जातं. तपासून परत देईस्तोवर तीन दिवस जातात, धडा पुढे गेलेला असतो. तोच प्रश्न कार्डांवर घेतला. प्रत्येकाच्या हातात कागदाचं एक कार्ड, जे उत्तर वाटतं त्याच्या अक्षराची बाजू वर धरायची. मोबाइल माझ्या एकट्याकडे, मुलांना काही लागत नाही. कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय म्हटलं ते नावानिशी दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड पाहून फायदा नाही. प्रत्येकावरची काळी आकृती वेगळी, अक्षरं बारीक. 27 पैकी 16 जणांनी 0.35 धरलं. पाचापेक्षा पस्तीस मोठे! तो पर्याय मी मुद्दामच पेरला होता. पैशांत सांगावं तर या पिढीनं पन्नास पैसे पाहिलेले नाहीत, म्हणून मीटरपट्टी काढली: अर्धा मीटर म्हणजे 50 सेंटिमीटर, आणि हे 35. त्याच तासाला पुन्हा विचारलं, तर चुकणारे चार उरले. त्या चौघांना मधल्या सुट्टीआधी जवळ बसवलं. याला कंटाळा म्हणतात का हो, सर?

काहूटमुळे मुलं घाईघाईनं बटणं दाबतात, हेही तुम्ही सुनावलंत. लवकर उत्तराला तिथे जास्त गुण मिळतात, म्हणूनच मी ते चाचणीला वापरत नाही. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होतं. टीका करण्याआधी तिथवर तरी यायचं.

अंदाजानं उत्तर बरोबर येतं, गणित कसं सोडवलं ते दिसत नाही, मुलांचा लिहायचा सराव मोडतो वगैरे आपले बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यावर कधीतरी बोलू. लॉकडाऊनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चाचण्यांचा दाखला मात्र इथे अप्रस्तुत आहे. तिकडे मूल घरी होतं, आणि फोन बहुतेक वेळा वडिलांच्या खिशात.

शेवटी आपण विचारलंत, 'वर्गातल्या वह्या शेवटच्या कधी पाहिल्यात?' काल रात्री. दशांशाच्याच. एकानं '0.5 मोठा' असं बरोबर लिहून पुढे कारण दिलंय, 'कारण त्यात अंक कमी आहेत.' कार्डावर त्याचं उत्तर पहिल्याच फेरीत बरोबर आलं होतं. त्याला उद्या सकाळी बोलावलंय, मीटरपट्टी घेऊन. हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं असं नाही.