आधी परीक्षा ठरवा, मग पुस्तक

शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांना गणितासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, यावरच्या एका लेखात महागडे परदेशी गणित-संच सुचवलेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांनी पैसे घालण्याआधी दहावी कुठून द्यायची ते पक्कं करावं. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाची माध्यमिक (दहावीची) परीक्षा मराठीतून देता येते, वय किमान 14 हवं, गणिताचा विषय-क्रमांक 211. पुढे कर्नाटकातच पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स करायचं असेल तर एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांचीच वाट धरा, तिथे गणिताला तीच पुस्तकं आहेत.

महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तकं उत्तम, मराठी सुबोध, सरावसंच भरपूर. पण नववीनंतर बालभारतीवरून एनसीईआरटीवर गाडी बदलली की घोळ होतो. बालभारती बहुपदी आणि वास्तव संख्या नववीत संपवते, एनसीईआरटीत त्या दहावीतही येतात. उलट बालभारतीच्या दहावीत जीएसटी-शेअर्सचं अर्थनियोजन आहे, ते तिकडे नाही. बदलायचंच तर आठवी संपताना बदला.

इयत्ता वयावरून ठरवू नका. कागदावर तीन गोष्टी द्या: 3/4 − 5/6, −2(x − 3) आणि (a + b)². उत्तरं −1/12, −2x + 6, a² + 2ab + b² आली पाहिजेत. −2x − 6 किंवा a² + b² लिहिलं तर नववीचं पुस्तक उघडूच नका, आठवीची विस्तारसूत्रं पुन्हा घ्या. त्याशिवाय वर्गसमीकरणात पूर्ण वर्ग करायची पद्धत नुसती पाठ होते, आणि सहगुणक बदलला की पोरगं अडकतं.

व्हिडिओवाले कोर्स? पूरक म्हणून ठीक. भूमितीची सिद्धता मात्र वहीत, कारणांसकट लिहून घ्या. मार्क पायऱ्यांना मिळतात.