हायबरी पूर्ण पाडलेलं नाही

आर्सेनल या फुटबॉल क्लबचं लंडनमधलं जुनं हायबरी स्टेडियम २००६ मध्ये जमीनदोस्त झालं, असं एका लेखात म्हटलंय. ते तसं नाही. उत्तर आणि दक्षिणेकडचे स्टँड गेले, पण पूर्व-पश्चिमेचे दर्शनी भाग राखून तिथे घरं बांधली आणि मैदानाच्या जागी बाग केली. पूर्वेचा, आर्ट डेको या वास्तुशैलीतला स्टँड वारसा यादीत होता, हे केवढं भाग्य!

त्या लेखात हर्बर्ट चॅपमन यांचा उल्लेख मात्र हवाच होता. आर्सेनलच्या या मॅनेजरने पाठपुरावा केला म्हणून १९३२ मध्ये जवळच्या भुयारी रेल्वे स्थानकाचं 'गिलेस्पी रोड' नाव बदलून क्लबचं नाव लागलं. जानेवारी १९३४ मध्ये ते वारले. १९३६ चा तो देखणा पूर्व स्टँड त्यांना पाहायलाच मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटते.