‘सगळं उसनं आणि सगळं लॅपटॉपवर’? जरा थांबा

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे स्वतः गिटार वाजवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मजकुराचा गोषवारा असा: डब (तयार रेगे गाण्यातला गाता आवाज काढून बेस आणि ड्रम उघडे ठेवणारं संगीत), इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेला गिटार-रॉक) आणि हिपहॉप एकत्र वाजवणारे ब्रिटिश बँड म्हणजे नव्वदच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी कालवलेली भेळ. रेगे जमैकाचा, हिपहॉप अमेरिकेचा, गोऱ्या पोरांनी दोन्ही उचललं. आणि डब स्टुडिओतच होतो, तो ‘लाइव्ह’ वाजवणं ही निव्वळ धूळफेक, सगळं लॅपटॉपवरच चालतं.

नव्वदच्या दशकाचं आधी उरकतो. द क्लॅश या लंडनच्या पंक बँडच्या १९७७ च्या पहिल्याच अल्बमवर जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गाणं आहे. त्याच सुमारास लंडनच्या रॉक्सी क्लबात डॉन लेट्स हा डीजे पंक पोरांना डब ऐकवत होता, कारण वाजवायला पंकच्या रेकॉर्ड अजून निघायच्याच होत्या. १९८० मध्ये क्लॅशने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ मध्ये रॅप केलं. १९८४ मध्ये क्लॅशचाच मिक जोन्स आणि हा लेट्स बिग ऑडिओ डायनामाइटमध्ये गिटार, ड्रम मशीन आणि सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेले तुकडे) घेऊन एकत्र उभे होते. तेव्हा कुठलं नव्वद?

आता चोरीचा आरोप. तो सरसकट खोटा नाही. एरिक क्लॅप्टनने बॉब मार्लीचं ‘आय शॉट द शेरीफ’ गाऊन १९७४ मध्ये अमेरिकेत पहिला नंबर मिळवला आणि दोनच वर्षांनी बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. याला चोरी म्हणा, कृतघ्नपणा म्हणा, माझी हरकत नाही. पण त्या गरळीवरूनच ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशद्वेषाविरुद्धची संगीत चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात क्लॅशबरोबर स्टील पल्स हा रेगे बँड वाजला. स्टील पल्स बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधली कॅरिबियन घरांतली मुलं. त्यांनी कुणाचं काय चोरलं? कॉव्हेंट्रीच्या द स्पेशल्समध्ये काळे-गोरे एकाच बँडमध्ये होते. द स्लिट्स या मुलींच्या पंक बँडचा १९७९ चा ‘कट’ हा अल्बम घडवला डेनिस बोव्हेलने. बोव्हेल बार्बाडोसचा, लहानपणी लंडनला आलेला आणि मटुम्बी या रेगे बँडचा माणूस. १९९३ मध्ये लंडनच्या एका संगीत कार्यशाळेतून एशियन डब फाउंडेशन निघालं, त्यात तर दक्षिण आशियाई घरांतली मुलं होती. शेजारच्या घरातून भिंतीपलीकडे रोज जे ऐकू येतं, ते वाजवायला परवाना कुणाचा घ्यायचा?

शिवाय ‘रेगे इकडचा, हिपहॉप तिकडचा’ ही वाटणीही टिकत नाही. ब्राँक्समध्ये १९७३ साली ज्याच्या पार्टीपासून हिपहॉपची गोष्ट सुरू करतात, तो डीजे कूल हर्क जन्माने जमैकातल्या किंग्स्टनचा. भलेमोठे स्पीकर आणि माइकवरची बडबड, दोन्हीची सवय त्याला तिथलीच.

राहिला डबचा मुद्दा, माझ्या जिव्हाळ्याचा. (आपल्याकडे डब म्हटलं की लोकांना हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य सिनेमा आठवतो. असो.) किंग टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ-ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा कारागीर. तयार गाण्यातून तो गायकाचा आवाज काढून टाकी, बेस आणि ड्रम उघडे ठेवी, आणि मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देई. काम स्टुडिओतलं, हे कबूल. पण ते कुणासाठी? टबीची स्वतःची साउंड सिस्टिम (मोकळ्या जागी नाचासाठी लावायचे भलेमोठे स्पीकर) होती आणि त्या मिक्सवर यू-रॉय माइक घेऊन लोकांसमोर बोलत असे. डब पहिल्यापासून नाचणाऱ्या गर्दीसाठीच होता.

तबल्यात ‘खाली’ असते ना, डग्ग्याची घुमार थांबते आणि भरीचं वजन एकदम कळतं? डब म्हणजे त्या खालीचं संगीत. काय गाळायचं आणि कधी परत आणायचं, हे त्या क्षणी ठरवणारा माणूस वादकच असतो, त्याच्या हातात तारांऐवजी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवरच्या सरकत्या पट्ट्या, असतात इतकंच. एड्रियन शेरवुड या ब्रिटिश रेकॉर्ड निर्मात्याने ते करून दाखवलंय. शुगरहिल या हिपहॉप कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणारे कीथ लेब्लांक, डग विम्बिश आणि स्किप मॅकडॉनल्ड लंडनला आले आणि त्यांचा शेरवुडबरोबर टॅकहेड हा बँड झाला. तिघे वाजवत आणि शेरवुड मिक्सरवर. पुढे १९९७ मध्ये त्यानेच प्रायमल स्क्रीम या रॉक बँडच्या अल्बममधल्या गाण्यांचं डब रूप ‘एको डेक’ म्हणून केलं, तेव्हा इंडी रॉकवाल्यांनाही ही किमया कळली.

स्टेजवर लॅपटॉप असतो, नाही असं नाही. फुसके बँडही पुष्कळ आहेत. पण असा कार्यक्रम बघायला मिळाला, तर एखादं गाणं तरी स्टेजकडे पाठ करून मागे साउंडच्या टेबलापाशी उभे राहा. बेस गायब होईल, लोक श्वास धरून थांबतील. तेव्हा टेबलावरच्या माणसाचे हात बघा आणि मग तो मजकूर पुढे पाठवायचा का ते ठरवा.