आयतं उत्तर आणि हलणारा आलेख

नमस्कार सर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोटो काढला की ॲप गणित सोडवून देतं, व्हिडिओ तर नुसते बघायचे, मग मुलं पेन्सिल धरतील कशाला, आणि ज्यांच्याकडे नेट नाही त्यांचं काय?

फोटोबद्दल वाद नाही. २०१४ मध्ये फोटोमॅथ हे असं ॲप आलं, तेव्हापासून वहीत पायऱ्यांसकट बरोबर आलेलं उदाहरण मुलाला समजलंच असेल, असं धरून चालता येत नाही. (गाइडातून उतरवणारे आधीही होतेच म्हणा.) पण उत्तर हातात ठेवणारं ॲप आणि डोक्याला खाद्य देणारं साधन, दोन्ही तुम्ही एकाच माळेचे मणी ठरवलेत, ते काही पटलं नाही.

मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं जिओजेब्रा, म्हणजे आलेख आणि आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. त्यात य = क्ष² + बक्ष + ३ चा आलेख काढा आणि ‘ब’ला स्लायडर (किंमत कमी-जास्त करणारी सरकपट्टी) लावा. तो हलवला तर आलेख कुठे जाईल? ‘डावी-उजवीकडे’ हे उत्तर चटकन सुचतं. प्रत्यक्षात आलेख सरकतो, खालीही उतरतो, पण य-अक्षावरचा ३ काही सोडत नाही. आता सर्वांत खालच्या बिंदूचा माग उमटवा: तोही मूळ आलेखासारखा अन्वस्तच (वाटीच्या आकाराचा वक्र), पण पालथा, य = ३ − क्ष². असं का, ते पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी पूर्ण वर्ग करायला बसावं लागतं, आणि तिथे तुमची पेन्सिल आलीच.

त्रिकोणाच्या कोनांचंही तसंच. एकच दशांश स्थळ दाखवलं, तर कधी ५०.३, ६०.३ आणि ६९.३ असे कोन दिसतात, बेरीज १७९.९! प्रमेय चुकलं की आकडे पूर्णांकनात कापले गेले? हा प्रश्न पडलेल्या मुलाला सिद्धता कशाला हवी, हे वेगळं पटवावं लागत नाही.

माझा आग्रह एकच: स्लायडरला हात लावण्याआधी अंदाज कागदावर काढायचा. तो नसेल तर नुसती करमणूक होते. व्हिडिओंच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं ही सोय मोठी, पण बघून गणित येत नाही.

राहिला नेटचा प्रश्न. त्याला प्रत्येकाच्या हातात फोन कशाला? वर्गात एक पडदा पुरतो, उलट तोच जास्त चांगला. अंदाज वेगवेगळे निघाले की मुलं आपसात भांडतात, आणि ते भांडण मला हवंच असतं. वरचा ‘ब’चा प्रयोग तुमच्या वर्गात करून बघा, आणि मुलांनी काय काय अंदाज काढले ते इथेच कळवा.